फ्रेंच क्रियापदांचे वाक्प्रयोग : आपले अनुभव लिहा

मिताली_प :
भाचीने अकरावीला फ्रेंच घेतले आहे. काल ती 'आव्वार', म्हणजे जवळ असणे, या क्रियापदाची रूपे घोकत होती आणि मला पुण्यातला आमचा फ्रेंचचा वर्ग आठवला. भूक, थंडी, झोप, भीती या सगळ्या गोष्टी फ्रेंच माणसाजवळ 'असतात' : 'जे फॅं', 'जे फ्र्वा', 'जे सोमेय', 'जे पर'. आपल्याकडे मात्र भूक लागते, थंडी वाजते, झोप येते आणि भीती वाटते, त्यामुळे मराठी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाचे हाल आपल्याहून अधिक होत असावेत. सुटी रूपे पाठ करण्यापेक्षा असे पूर्ण प्रयोग तोंडी बसवल्याचा मला फायदा झाला. आपले अनुभव वाचायला आवडतील.

लिऑंकर :
हवेबद्दल बोलताना 'आव्वार' चालत नाही, हे भाचीला आत्ताच सांगून ठेवा. बाहेर थंडी असेल तर 'इल फे फ्र्वा', म्हणजे तिथे 'फॅर' (करणे) येते. भांडी घासणे 'फॅर ला व्हेसेल', किराणा आणणे 'फॅर ले कुर्स', रांग लावणे 'फॅर ला क्य' : माझा अख्खा दिवस या एका क्रियापदावर निघतो. कुकर झाला, उरलेले नंतर लिहिते.

वाटसरू :
'ज व्हिएं द मांजे' म्हणजे मी आत्ताच जेवलो. शब्दशः पाहिले तर 'जेवण्याहून येतो आहे', पण म्हणणारा अजून टेबलावरून उठलेलाही नसतो!

हेमांगी :
आम्ही मॉन्ट्रियलला राहतो. इथे खरेदीला 'मागाझिने' म्हणतात आणि दाराला कुलूप लावण्याला 'बारे ला पोर्त'. फ्रान्समध्ये त्यासाठी 'फेर्मे आ क्ले' असे म्हणतात, त्यामुळे पुस्तकातून शिकून आलेल्या माणसाला शेजाऱ्यांचे बोलणे सुरुवातीला जडच जाते.

ससुल्या :
'पोझे अं लापॅं' कोणीच कसे लिहिले नाही? शब्दशः ससा ठेवणे, म्हणजे ठरलेल्या भेटीला न जाता समोरच्याला ताटकळत ठेवणे. आमच्या मित्रमंडळाने आजवर ठेवलेल्या सशांचे एक अभयारण्य होईल.

लिऑंकर :
@ससुल्या, आपल्या दुःखात सहभागी आहे. 'तोंबे दां ले पॉम', म्हणजे सफरचंदांत पडणे, हेही लक्षात ठेवा. चक्कर येऊन पडण्याला असे म्हणतात.

अबोली७ :
मला बोलण्यापेक्षा ऐकणे कठीण गेले. वर्गात 'ज न से पा' (मला माहीत नाही) शिकवले जाते आणि रस्त्यावर नुसते 'शे पा' ऐकू येते. 'इल्या' (आहे, असते) यातला 'इल'ही असाच गळतो आणि 'या' एवढेच उरते.

मिताली_प :
भाची विचारते आहे, की परीक्षेत 'शे पा' चालेल का?

अबोली७ :
लेखी उत्तरात मुळीच नाही. तिथे 'न' आणि 'पा' दोन्ही लिहायला सांगा.