मदत हवी आहे: बाबांच्या फिट्स गोळ्यांनी थांबेनात

वैतागवाडी:
दीड महिना झाला. दोन गोळ्या चालू, डोस दोनदा वाढवला, फरक शून्य. एमआरआय, ईईजी नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात 'ऑटोइम्यून' असेल, पाठीतलं पाणी काढायचं. फिटचा आणि प्रतिकारशक्तीचा काय संबंध? काढू द्यावं का? लवकर सांगा, उद्या ठरवायचंय.

अण्णा_नाशिककर:
पाठीला सुई लावू देऊ नका. फिट आली की कांदा हुंगवा.

मेधा:
अण्णा, फिट आपोआप थांबते, नाव कांद्याचं होतं. पाणी काढू द्या, मेंदूत जंतुसंसर्ग नाही ना हेही त्यातच कळतं. बाबांचं वय? फिट दिसते कशी?

वैतागवाडी:
६४. उजवा गाल आणि उजवा हात एकदम खेचला जातो, दोन सेकंदांत संपतं. दिवसाला ४०-५० वेळा. बशीतला चहा रोज शर्टावर. परवा पुतणीच्या लग्नाला जाऊन आले, तेच आठवत नाही.

मेधा:
हे आधी लिहायचं ना! माझ्या सासऱ्यांचं हुबेहूब हेच. शरीर मेंदूतल्या एलजीआय१ या प्रथिनाविरुद्धच अँटीबॉडी बनवतं. फिटच्या गोळ्यांना फारशी दाद नाही, स्टेरॉइडला देतं. त्यांना शिरेतून रोज १ ग्रॅम, ५ दिवस. झटके आठवड्यात थांबले, विसराळूपणा मात्र रेंगाळला. अँटीबॉडी रक्तातही तपासा, ही तिथेच जास्त सापडते. सोडियम किती आहे?

चिंगी:
मामेबहिणीला १९व्या वर्षी एनएमडीएवाला झाला, याच जातीचा दुसरा आजार. भास, आरडाओरडा. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला! शेवटी अंडाशयात गाठ निघाली. बाबांचीही सोनोग्राफी करा.

कोकणकडा:
चिंगी, बाबांना अंडाशय?

चिंगी:
गाठ कुठेही असते हो, म्हणून लिहिलं.

कोकणकडा:
स्टेरॉइडवर साखर रोज बघा. दम्यासाठी घेत होतो तेव्हा माझी ३८० झाली होती. आणि विमा आधी विचारून ठेवा, आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या अँटीबॉडी) लागलं तर बिल लाखांत.

वैतागवाडी:
फाइल चाळली. सोडियम १२४. एक गोळी ऑक्सकार्बाझेपिन.

अण्णा_नाशिककर:
मग मीठ वाढवा.

मेधा:
नको! या आजारात अंगात पाणी धरून राहतं, म्हणून सोडियम उतरतं. ती गोळीही ते उतरवते. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आत्ताच फोन करा, उद्या नको. गोळीआधीचा रिपोर्ट आहे का? आणि झटक्याचा व्हिडिओ काढा, आमच्याकडे निदान त्यावरूनच झालं.

वैतागवाडी:
आधीचा १२८. म्हणजे गोळीआधीपासूनच कमी होतं, कुणी बघितलंच नाही. फोन झाला, आजच ॲडमिट करतोय. तीन व्हिडिओ काढलेत.

अण्णा_नाशिककर:
शर्टाच्या डागाला लिंबू चोळा, निघतो.