गाडीत पाणी आलं कुठून? एसीच्या तुंबलेल्या नळीचे अनुभव

वेलदोडा
पाऊस नाही, गाडी धुतलेली नाही, बाटली सांडलेली नाही, तरी पुढच्या डाव्या सीटपाशी मॅटिंग ओलंचिंब. दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाच्या तरी गाडीत हे होतं आणि सल्ले मिळतात ते 'कॉइल बदला'पासून 'उन्हात उभी करा'पर्यंत. म्हणून हा धागा.

एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत बसवलेली असते. आतली दमट हवा तिच्यावरून गेली की वाफेचं पाणी होतं, ते खालच्या ट्रेत उतरतं आणि बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून गाडीखाली पडतं. नळी तुंबली की ट्रे भरतो आणि पाणी आत येतं. तुमच्या नळीत काय अडकलं होतं, कसं कळलं, कसं निघालं, ते लिहा. गॅरेजची नावं मात्र नकोत.

वाशिष्ठीकाठ
आमच्याकडे कोकणात पावसाळ्याआधी गाडीला खालून काळं कोटिंग मारून घेतात, गंज लागू नये म्हणून. मारणाऱ्या पोराने फवारा मनापासून फिरवला, नळीच्या तोंडावरसुद्धा. काही दिवसांनी वळणावर डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू यायला लागलं. मग एकदा घाट उतरताना सौ.च्या पायावर गार पाण्याची धारच लागली.

शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये म्हणाले, कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. अहो, कॉइल फुटली तर गॅस जाईल आणि गारवा कमी होईल. कॉइलच्या आत पाणी असतं कुठे? आमचा एसी तर बर्फासारखा चालत होता. गाडी तशीच परत आणली. गावातल्या मिस्त्रीने ती खड्ड्यावर घेतली, बॅटरी मारली आणि नळीवरचा काळा पापुद्रा ब्लेडने कापला. बाजूला व्हायच्या आत त्याचा शर्ट भिजला होता.

कोटिंगला देणार असाल तर नळीच्या तोंडाला आधी कागदी टेप लावायला सांगा. आणि काम झाल्यावर ती टेप काढली का, हे स्वतः वाकून बघा.

मस्कतवासी
इकडचा उन्हाळा म्हणजे समुद्रावरची दमट हवा. एसी चालू असलेल्या गाडीखाली थारोळं दिसलं नाही तर शंका घ्यायची, असं इथे सगळेच सांगतात. सुट्टीला साताऱ्याला आलो होतो, गाडी पार्किंगमध्ये उभी. परत गेल्यावर कार्पेट ओलं. खालून पाहिलं तर नळीच्या तोंडात चिखलाचं बूच! कुंभारमाशीचं घर. तिला अशी अरुंद भोकं फार आवडतात.

गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी असते ना, तिचा तुकडा हळूहळू फिरवत आत सरकवला आणि माती मोकळी केली. मग ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर नळीच्या तोंडाला लावला, भोवती फडकं घट्ट गुंडाळून. उरलेला गाळ बाहेर आला. सायकलची तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. ट्रेला भोक पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे कॉइललाच.

संत्रानगरी
नागपूरकरांसाठी थोडं उलटं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की एसी फुल असूनही गाडीखाली थेंब पडत नाही. त्यात बिघाड काहीच नाही. आत कार्पेट कोरडं असेल तर नळीच्या नादी लागूच नका. जुलैत तीच गाडी टपटप करायला लागते.

तलावपाळी
माझ्याकडे पाणी आलं ते भर पावसाळ्यात, म्हणून सगळ्यांनी एसीवर बोट ठेवलं. पण एसी बंद ठेवूनही सकाळी मॅट ओली. शेवटी निघालं सनरूफचं प्रकरण. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी जायला बारीक नळ्या असतात, पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात. आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराने त्यातली एक बुजवली होती. वायपरखालच्या जाळीतही तोच कचरा, बुचकाभर. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी ती जाळी महिन्यातून एकदा तरी हाताने साफ करावी. पाकळ्या कुजल्या की त्यांचा लगदा होतो आणि तो कुठेही शिरतो.

पान्हा नंबर दहा
नमस्कार मंडळी. माझं गॅरेज आहे, सांगलीकडे. तलावपाळी ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आधी पाणी कुठलं ते ठरवा, मग पान्हा हातात घ्या.

पांढरा टिश्यू पेपर ओल्या जागी दाबा. रंग नाही, चिकटपणा नाही, तर साधं पाणी. मग ते एसी चालवल्यावरच येतं की पाऊस पडल्यावर, एवढंच बघायचं. कागद हिरवा, गुलाबी किंवा निळसर झाला, बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, तर तो कूलंट. म्हणजे हीटरची कॉइल किंवा तिचा पाईप गळतोय. समोरच्या काचेवर तेलकट धुकं धरतं आणि बाटलीतला कूलंट कमी होतो. ते काम वेगळं, आणि तशी गाडी पळवायची नाही. इंजिन तापेल.

नळीत हवा मारायची झाली तर अगदी कमी दाबाने. टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर थेट लावला की आतला जोड निसटतो आणि मग खरोखरच डॅशबोर्डला हात घालावा लागतो. अशी गाडी आली की आम्हाला दिवसभराचं काम.

आणि नळी मोकळी झाली म्हणजे काम संपलं असं नाही हो! कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो. हल्ली तर सगळे वरून चामड्यासारखं जाड मॅटिंग शिवून घेतात, त्यामुळे खाली तळं झालं तरी वर पत्ता लागत नाही. मॅटिंग काढा, कार्पेट उचलून खाली ठोकळा लावा, पंखा सोडा. पूर्ण सुकायला दिवस लागतात. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ती एअरबॅगची वायर आहे.

निशिगंध
दादा, माझ्या गाडीत पाणी नाही, पण एसी लावला की पहिला मिनिटभर ओल्या फडक्याचा वास येतो. हीसुद्धा नळीच का?

पान्हा नंबर दहा
असू शकते ताई, पण आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. काही गाड्यांत उघडून बघतो तर फिल्टरच गायब! कुणीतरी काढलेला, परत बसवलेलाच नाही. मग धूळ, पानं, केस सगळं कॉइलवर, आणि तिथून ट्रेमार्गे नळीत. फिल्टर ठीक असेल तर घरी पोचायच्या थोडं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. कॉइल सुकते, वास कमी होतो.

वेलदोडा
एक प्रश्न माझाही. सोसायटीत ना खड्डा ना रॅम्प. घरच्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरावं का?

पान्हा नंबर दहा
अजिबात नाही. तो जॅक चाक बदलण्यापुरता आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आमची पोरंही जात नाहीत. रॅम्प असलेल्या वॉशिंग सेंटरला जा, खालून धुवायला सांगा. गाडी वर असताना क्लीनर साईडला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून बाहेर आलेलं रबरी टोक शोधा. बऱ्याच गाड्यांत ते तिथेच सापडतं. खाली एकाने बघायचं, वर दुसऱ्याने इंजिन चालू करून एसी लावायचा. हवा दमट असेल तर थोड्या वेळात थेंब यायलाच हवेत. नाही आले, तर नळीचं टोक दोन बोटांत धरून जरा चोळा. पुष्कळदा तेवढ्यानेच गाळ सुटतो. तोंड मात्र बाजूला ठेवा.