'पहिला बग' म्हणजे पाखरू : हा फॉरवर्ड चालू द्यायचा का खोडायचा?

पऱ्हाटी_२०
९ सप्टेंबर आला की तोच मेसेज फिरते : 'अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९४७ मध्ये कॉम्प्युटरमधून किडा काढला, तेव्हापासून बिघाडाला बग म्हणतात.' एक वाक्य, दोन चुका. एडिसननं १८७८ च्या पत्रातच यंत्रातल्या बारीक खोड्यांना बग म्हटलं होतं. अन् हार्वर्ड मार्क २ या कॉम्प्युटरमधलं ते पाखरू, म्हणजे पतंग, हॉपरबाईंनी स्वतः काढलंच नव्हतं. त्यांनी किस्सा जगभर सांगितला, इतकंच. माझं मत, खोडावा.

डीपीवरचा_कावळा
विनोदाचाही सातबारा काढता का राजेहो? पाखरू खरं, कॉम्प्युटरवाल्यांची नोंदवही खरी, वहीत चिकटपट्टीनं लावलेलं आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दोन घटका हसू द्या लोकांना.

पऱ्हाटी_२०
हसायचं तर मूळ वाक्यावर हसा ना. पाखराखाली लिहिलंय, 'बग सापडल्याचं पहिलं प्रत्यक्ष प्रकरण'. गंमत सगळी 'प्रत्यक्ष' या शब्दात आहे. बिघाड या अर्थानं बग हा शब्द रोजच्या बोलण्यात आधीपासून होता, म्हणूनच लिहिणाऱ्याला तो विनोद सुचला. फॉरवर्डवाल्यांनी नेमका तोच शब्द गाळला. मग उरला काय, खोटा इतिहास. १ एप्रिल १९९८ चा 'मी चहाची किटली आहे' हा इंटरनेटवरचा ४१८ नंबरचा एरर पहा. तो थट्टा म्हणूनच लिहिला, थट्टा म्हणूनच फिरते. त्याच्यावर माझा आक्षेप नाही.

स्टार्टर_उघडा_ठेवू_नका
तुमचं भांडण चालू द्या. माझा आक्षेप त्याच फॉरवर्डात पुढं येणाऱ्या 'किड्यानं शॉर्टसर्किट झालं' या ओळीवर आहे. वहीत नोंद आहे पॅनेल एफ, रिले (चुंबकानं चालणारा स्विच) ७०, वेळ दुपारी ३:४५. रिलेच्या दोन पॉइंटांमध्ये किडा आला तर पॉइंट टेकतच नाहीत, करंट तुटतो. म्हणजे शॉर्टच्या अगदी उलट. शॉर्ट करते ती पाल, दोन फेजच्या (वीज आणणाऱ्या तारांच्या) टर्मिनलवर आडवी पडली की भडका.

विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये हेच होते. मुंगी एका पॉइंटात चिरडली की तो फेज जातो, मोटर दोन फेजवर घुमते, ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा रिले) मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरपेक्षा वर लावून ठेवला असेल तर वाइंडिंग जळते. मुंगी चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये अडकली तर कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकी स्विच) गुणगुणते, फट राहिल्यानं कॉइल जास्त करंट ओढते अन् जळते.

साफ करायचं तर आधी ऑटो (लाइन येताच मोटर आपोआप चालू करणारा स्विच) बंद, मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट फ्यूज काढून खिशात. लाइन गेली म्हणून हात घालू नका, ऑटोवर असेल तर लाइन येताच मोटर उठते. मग टेस्ट लॅम्प तिन्ही फेजवर लावून पहा. सुका ब्रश अन् कोरडं फडकं पुरते. पॉइंट काळे दिसले म्हणून कानस, सॅंडपेपर मारू नका, वरची चांदी जाते. केबल शिरते ती भोकं एम-सीलनं बुजवा. चालू पॅनेलवर किड्यांचा स्प्रे तर मुळीच नाही, तो पेट घेते.

कामगंध_सापळा
एक राहिलंच. पतंग हा कीटकशास्त्रात बग नाहीच! बग म्हणजे सोंडेनं रस शोषणारे : मावा, तुडतुडे, पांढरी माशी, कपाशीवरचा लाल ढेकूण. पाखरू हे गुलाबी बोंडअळीच्या गोतावळ्यातलं. म्हणजे पहिला बग बगच नव्हता.

डीपीवरचा_कावळा
हे बेस! आता हाच फॉरवर्ड करतो.

पऱ्हाटी_२०
करा. फक्त 'प्रत्यक्ष' गाळू नका.

डीपीवरचा_कावळा
गाळतोच भाऊ, लांब मेसेज कोणी वाचत नाही.