जुन्या लॅपटॉप सेलमध्ये खिळा ठोकण्याचा प्रोजेक्ट: वाळूची बादली पुरेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. सांगलीला इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात धानोरीत ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ पाहिल्यापासून हा विषय डोक्यात आहे. भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या बॅटऱ्या आणून १८६५० चे (लिथियम-आयनचे लांबट गोल) ३२ सेल काढलेत. सहा सेल २ व्होल्टच्याही खाली आहेत. आम्हा चौघांचा बेत असा, की सेल फुल चार्ज करून हॉस्टेलच्या गच्चीवर खिळा ठोकायचा आणि तापमान नोंदवायचं. के टाइप थर्मोकपल चालेल ना? आग लागलीच तर वाळूची बादली पुरेल?

प्रयोगवही:
थर्मोकपल चालेल. गच्ची नाही, खिळाही नाही.

मी सेल तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आधी हिशेब कर. २६०० मिलीअँपिअर-तासाचा सेल, ३.६ व्होल्ट, म्हणजे ९.३६ वॉट-तास, सुमारे ३४ किलोज्यूल. ही झाली फक्त वीज. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं द्रव, जळतं त्याची उष्णता वेगळी, आणि हे सगळं जेमतेम ४५ ग्रॅम वजनात. वाळू ज्वाळा दाबेल, पण उष्णता काढून घेणार नाही. लॅपटॉपच्या सेलमधला कॅथोड (धन बाजूचा थर) तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे बाहेरची हवा तोडून आतली आग थांबत नाही. शिवाय धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतं. गच्चीच्या जिन्यावर तुम्ही चौघं उभे असणार.

खिळ्याने फार तर सेल पेटतो एवढंच सिद्ध होईल, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. पेटण्याआधी सेल काय सांगतो, ते शोधा. तुमच्याकडे ३२ सेल आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. २.५ व्होल्टच्या वरचे तेवढे घ्या. प्रत्येकाचा अंतर्गत रोध चार तारांच्या पद्धतीने (दोन तारांनी प्रवाह, वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज) मोजा. चार्जिंग एका वेळी एकाच सेलचं, झाकण न लावलेल्या पत्र्याच्या डब्यात, आणि समोर माणूस बसलेला हवा. मग एक दिवस विश्रांती देऊन पंधरा दिवस रोज त्याच वेळी व्होल्टेज लिहा. चांगला सेल जेमतेम हलतो. जो रोज थोडा थोडा उतरत जातो, त्याच्या आत कुठेतरी बारीक शॉर्ट आहे. तोच तुमचा विषय.

आता ते सहा सेल. शिकत असताना मी १.४ व्होल्टवर गेलेला एक सेल हळूहळू चार्ज करून ‘जिवंत’ केला होता. दोनदा छान चालला. तिसऱ्या वेळी मी चहाला गेले आणि परत आले तर खोलीत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, वरचं प्लॅस्टिक वितळलेलं. पेटला नाही, हे माझं नशीब. सेल इतका रिकामा झाला की अ‍ॅनोडच्या (ऋण बाजूच्या थराच्या) खालची तांब्याची पन्नी विरघळू लागते, आणि चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आत शॉर्ट करतं. बाहेरून काही दिसत नाही.

सोल्डरगन:
ताईंना दुजोरा. मी स्कूटरचे पॅक दुरुस्त करतो. बऱ्याच पॅकमध्ये तापमानाचा सेन्सर कडेच्या सेलवर चिकटवलेला असतो, आणि सगळ्यात गरम असतो मधला. वेळ उरला तर चांगल्या नऊ सेलचा चौरस करून हलक्या लोडवर मधल्या आणि कोपऱ्यातल्या सेलचा फरक मोजा. दुकानात आम्हाला तो आकडा हवाच आहे.

कृष्णाकाठ:
ताई, सहापैकी दोन सेल काल रात्रीपासून चार्जरवर होते. तुमचं वाचून आत्ता काढले. एक कोमट लागतोय.

प्रयोगवही:
खोलीत ठेवू नकोस. दोन्ही आत्ता बाहेर मोकळ्यावर ने, वाळू घातलेल्या पत्र्याच्या बादलीत वेगवेगळे ठेव, आसपास गाड्या किंवा कपडे नकोत. वास आला किंवा फुगलेला दिसला तर जवळ जाऊ नकोस, अग्निशमनला फोन कर. उद्या गार असले तर टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात दे, उरलेले चारही. बाहेर नेलेस की इथे लिही, मी जागी आहे.