मालिकेतली लाडकी माणसं सिनेमात गेली तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

मधला_मजला
ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, वयाच्या ९५व्या वर्षी. तेव्हापासून दूरदर्शनच्या 'चिमणराव' मालिकेतले त्यांचे गुंड्याभाऊ डोळ्यांपुढून हलत नाहीत. गिरगावात आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. 'चिमणराव' लागायची वेळ झाली की त्या बिऱ्हाडाच्या दारात चपलांचा ढीग. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर नुसते कावरेबावरे होऊन बघायला लागले की आधी मागे बसलेल्या बायका हसायच्या, मग सतरंजीवरची आम्ही पोरं.

१९७९ मध्ये याच जोडीचा 'चिमणराव गुंड्याभाऊ' सिनेमा आला आणि अख्खा मजला बघायला गेला. मला आवडला. पण शेजारच्या काकूंना "आता बघा हां, गुंड्याभाऊ येणार" असं म्हटलं की पुढच्या रांगेतून "शूऽऽ". घरी येताना वडील म्हणाले, "रोज घरी येणाऱ्या पाहुण्यांना आज तिकीट काढून भेटलो." मालिकेवरचा सिनेमा किंवा नव्या नटांनी पुन्हा केलेलं काही बघताना तुमचं काय झालं? लिहा.

सांगलीची_माई
तुम्हा मुंबई-पुण्याच्या लोकांकडे टीव्ही तरी होता. पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे दिसायचं. आमच्या सांगलीत तेव्हा टीव्ही कुठला? आमचे चिमणराव म्हणजे वाचनालयातलं पुस्तक, तेही पानं सुटलेलं. मुंबईची मावशी सुट्टीत आली की मालिकेच्या गोष्टी सांगायची, आणि आम्ही तोंडाकडे बघत बसायचो. त्यामुळे सिनेमा लागला तेव्हा आम्हाला 'मालिकेसारखा नाही' वगैरे वाटायचा प्रश्नच नव्हता. पहिल्यांदाच ही माणसं हलताबोलताना दिसत होती! माझा धाकटा भाऊ खुर्चीवर उभा राहून बघत होता. छोट्या गावातल्या लोकांसाठी तो सिनेमा किती मोठी गोष्ट होती हे कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. कुकर झाला, जाते.

बापूसाहेबांचा_नातू
आजोबांना दोन्ही पसंत नव्हतं, मालिकाही आणि सिनेमाही. त्यांचे चिमणराव म्हणजे दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे विष्णुपंत जोग. मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून', १९४०. दामूअण्णांच्या तिरळ्या डोळ्यांची नक्कल आजोबा इतकी हुबेहूब करायचे की आजी रागवायची, "डोळे तसेच राहतील!" आम्ही प्रभावळकरांची बाजू घेऊन भांडायचो. ज्याने त्याने लहानपणी जे चिमणराव बघितले तेच त्याचे खरे. मी तर आजही प्रभावळकरांनाच मत देणार.

मांडवी_बडोदा
आमच्या बडोद्याचं नाव कुणीच घेतलं नाही! चिमणराव लिहिणारे चि. वि. जोशी इथे पाली भाषेचे प्राध्यापक होते. एवढा गंभीर विषय शिकवणारा माणूस आणि घरोघरी हसवणारा. आमच्याकडे आई चिमणरावांच्या गोष्टी मोठ्याने वाचायची, तीच आमची मालिका. सिनेमा बघितलेला नाही. कुठे मिळतो?

मधला_मजला
@मांडवी_बडोदा, मीपण शोधतोय. सापडला की इथेच टाकतो.

लीड्सवाली
जरा वेगळं चालेल ना? मी इंग्लंडात वृद्धाश्रमात काम करते. इथे 'डॅड्स आर्मी' म्हणजे घराघरातली मालिका, १९६८ ते ७७ चाललेली. युद्धकाळात गावाचं रक्षण करायला निघालेल्या म्हाताऱ्यांची गंमत. २०१६ मध्ये नव्या नटांना घेऊन सिनेमा आला, शूटिंग आमच्याच यॉर्कशरमध्ये, ब्रिडलिंग्टनला. आम्ही आजी-आजोबांना मिनीबसने घेऊन गेलो. टोबी जोन्सने कॅप्टनचं काम मनापासून केलंय, पण आमचे आजोबा हाताची घडी घालून गप्प. मग इयन लॅव्हेंडर आला. मूळ मालिकेतला पोरसवदा पाइक तो, सिनेमात ब्रिगेडियर झालाय. पिकलेले केस. एक आजी एकदम ओरडली, "अगं हा तर आपला पाइक!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना बसमध्ये सिनेमाबद्दल कुणी बोललं नाही, सगळे जुन्या भागांतले संवाद म्हणत होते. मला माझे बाबा आणि त्यांचा मुंबई दूरदर्शनचा काळ आठवला, डोळे भरून आले. लॅव्हेंडर २०२४ मध्ये गेला.

मधला_मजला
@लीड्सवाली, काय सुंदर लिहिलंस गं. त्या आजी कशा आहेत?

लीड्सवाली
नाहीत आता. 🙏

बोरिवली_पूर्व
'खिचडी'!!! त्या हिंदी मालिकेवरचा २०१० चा सिनेमा. आमची निम्मी सोसायटी गुजराती, दोन रांगा आमच्याच. थेपल्यांचे डबे पर्समधून आत. हंसाने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की प्रफुल उत्तर द्यायच्या आधीच सगळे हसायला लागायचे. पण जयश्री बदललेली, वंदना पाठक नव्हती, त्यावर मध्यंतरात मोठी चर्चा. २०२३ च्या दुसऱ्या सिनेमात ती परत आली तर आमच्या बेननी बर्फी वाटली.

कोथरूडची_लेक
थेपल्यांची रेसिपी द्या ना कुणीतरी, मेथी आणलीये आजच.

निवृत्त_मास्तरांची_मुलगी
'ऑफिस ऑफिस' आमच्याकडे सगळे जेवणं थांबवून बघायचे. पंकज कपूरचा मुसद्दीलाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे गेला की बाबा पोट धरून हसायचे. आसावरी जोशीची उषा मॅडम आईची लाडकी. २०११ मध्ये 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' आला. त्यात पेन्शनच्या कागदावर मुसद्दीला मृत दाखवलंय आणि जिवंत असल्याचं सिद्ध करायला तो वणवण करतो. टीमही जवळपास तीच. थिएटरात लोक हसत होते, बाबा नाही. त्याच सुमारास त्यांचं पेन्शन थांबलं होतं. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच दिलेला, पोच होती, तरी खिडकीवरचा माणूस म्हणायचा, "नोंद दिसत नाही." सत्तरीचा माणूस समोर उभा. मालिकेत अर्ध्या तासात सुटका व्हायची, सिनेमात ते लांबत गेलं आणि बाबांना सहन होईना. मध्येच उठून बाहेर जाऊन बसले. बऱ्याच जणांनी सिनेमाला 'मालिकेची मजा नाही' म्हणून नावं ठेवली. मला तो खरा वाटला, म्हणूनच नकोसा झाला.

सांगलीची_माई
बाई गं. मिळालं का शेवटी पेन्शन?

निवृत्त_मास्तरांची_मुलगी
हो माई, थकबाकीसह. शेजारचे वकीलकाका सोबत गेले तेव्हा. पण आता बाबांना तिथवर नेणं जमत नाही, गुडघे गेलेत.

बोरिवली_पूर्व
ताई, नेऊच नका. जीवन प्रमाणचं अ‍ॅप आहे, मोबाइलसमोर चेहरा धरून घरबसल्या दाखला होतो. आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर जवळ ठेवा. चेहरा ओळखायचं आधारचं वेगळं अ‍ॅप आधी टाकावं लागतं. सासूबाईंचा मीच करते. खिडकीजवळ उजेडात बसवा आणि चष्मा काढायला सांगा, नाहीतर डोळे मिचकावलेले धरत नाही.

निवृत्त_मास्तरांची_मुलगी
खूप आभार! रविवारी भाऊ येतोय, त्याच्या फोनवर करते. अडलं तर विचारू ना?

बोरिवली_पूर्व
कधीही. आणि @कोथरूडची_लेक, थेपल्याच्या पिठात दही घाला, पाणी नको.