युद्धकैदी होते त्या काकांना त्यांच्याच गोष्टीत स्टेजवर उभं करावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांबडं होणारे, समजून घ्या.

माझे थोरले काका फौजेत होते. ७१च्या लढाईत पश्चिम आघाडीवर पकडले गेले, जवळजवळ वर्षभर पाकिस्तानात कैदेत, शेवटचे महिने लायलपूरच्या जेलात, आणि १ डिसेंबर १९७२ला बाकीच्यांबरोबर वाघा सरहद्दीवरून परत आले. तेव्हा बावीस वर्षांचे होते, आता पंच्याहत्तरी ओलांडलीय. घरात यावर कधीच कुणी बोललं नाही. आम्हा पोरांना एवढंच माहीत की काका ताटात काही टाकत नाहीत, भाकरीचा शेवटचा तुकडा सदऱ्याच्या खिशात ठेवतात, आणि त्यांच्या खोलीला कुणी कडी लावायची नाही, आतूनही नाही आणि बाहेरून तर नाहीच.

मी पुण्यात हौशी नाटक करते. गेल्या गणपतीत गावी गेले होते तेव्हा मंडपात बसल्या बसल्या ते आपणहूनच बोलायला लागले. म्हणाले तिथं आम्ही गवळण केली होती, कांबळं गुंडाळून मी मावशी झालेलो, आणि हे सांगताना इतके हसले की मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलंच नव्हतं. तिथून सुरू झालं. पुढचे पाच महिने दर पंधरा दिवसांनी जाऊन मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं, त्यातून एक चाळीस मिनिटांचं एकपात्री लिहिलं, मी स्वतः करायचं म्हणून. त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तू बोलणार? तू हुतीस का तिथं? मीच बोलतो की."

तर आता काका स्वतः उभे राहतायत. चार तालमी झाल्या. तिसऱ्या तालमीत चौकशीच्या प्रसंगाला आले आणि थांबले, खाली बसले, दहा मिनिटं कुणाकडे बघेनात. त्यानंतर तीन रात्री झोप नाही. काकू मला म्हणाली, "पन्नास वर्सं लागली त्यास्नी निवायला, आणि तू परत पेटवलंस." चुलतभाऊ म्हणतो बंद कर. काका मात्र पुढच्या रविवारी कधी येतेस म्हणून फोन करतायत.

मला विचारायचंय की जे खरंच यातून गेलेत तेच स्टेजवर उभे राहतात अशी नाटकं कुणी पाहिलीयत का, केलीयत का? त्यानं माणसाला बरं वाटतं की आपण नुसती खपली काढतो? मला खरंच कळत नाहीये.

विंगेतून

ताई, मी असं एक नाटक पाहिलंय आणि अजून डोक्यातून गेलेलं नाही. लोला आरियास नावाची अर्जेंटिनाची दिग्दर्शिका आहे, तिचं 'माइनफिल्ड', २०१६ला लंडनला रॉयल कोर्ट नाट्यगृहात. विषय १९८२चं ब्रिटन आणि अर्जेंटिनामधलं फॉकलंड बेटांचं युद्ध, अर्जेंटिनावाले माल्विनास म्हणतात ते. एप्रिल ते जून, ७४ दिवस चाललेलं. स्टेजवर एकही नट नाही, सहा खरे माजी सैनिक, तीन अर्जेंटिनाचे आणि तीन ब्रिटिशांकडचे, त्यातला एक गुरखा. म्हणजे तेव्हा एकमेकांवर बंदुका रोखलेली माणसं एकाच स्टेजवर, कुणी स्पॅनिश बोलतोय कुणी इंग्रजी, वर भाषांतराच्या पट्ट्या, मध्येच सगळे मिळून बँड वाजवतात. ड्रम वाजवणारा रुबेन ओतेरो अर्जेंटिनाची युद्धनौका 'बेलग्रानो' बुडाली तेव्हा तिच्यावर होता, ३२३ माणसं गेली त्या जहाजावरची.

तुमच्या काकांवरून मला लू आर्मर आठवला. रॉयल मरीन, म्हणजे ब्रिटिश नौदलाचा सैनिक. २ एप्रिलला अर्जेंटिनानं बेट घेतलं तेव्हा हात वर करून शरण जाणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचे फोटो जगभर छापून आले, त्यात हा होता. त्यांना सोडून मायदेशी पाठवलं आणि हा परत लढायला आला. पण त्याला वर्षानुवर्षं छळलं ते शरण जाणं नव्हतं. तिथल्या माउंट हॅरिएट डोंगरावरच्या लढाईत एक अर्जेंटिनाचा सैनिक त्याच्यासमोर मेला आणि मरताना तो इंग्रजीत बोलत होता. नंतर एका डॉक्युमेंटरीत हे सांगताना लूला रडू फुटलं, आणि त्याला लाज कसली वाटत राहिली तर आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी न रडता शत्रूसाठी रडलो याची. नाटकात तो हे सगळं त्या पलीकडच्या सैनिकांच्या शेजारी उभा राहून सांगतो. मी नाट्यगृहात बसून विचार करत होतो की हा माणूस हे रोज रात्री कसं करू शकतो.

माझं मत विचाराल तर उत्तर नाटकाच्या बांधणीत होतं. कुठेही 'आता रडा' असं नाही. प्रसंग तुकड्यातुकड्यांत येतो, मध्ये फोटो, जुनी मासिकं, खेळण्यातले सैनिक, आणि एकाची आठवण चालू असताना दुसरा कॅमेरा धरतो, तिसरा आवाज काढतो. म्हणजे कुणीही आपल्या आठवणीत एकटा पडत नाही. तुमचं एकपात्री आहे ना, माझी भीती तिथे आहे. काकांना एकट्याला उभं करू नका. तुम्ही स्वतः स्टेजवर असा, नुसतं पाणी द्यायला का होईना.

मनमोकळं

मी समुपदेशक आहे, इथे सल्ला म्हणून नाही तर माहिती म्हणून लिहिते, कारण काकांना मी पाहिलेलं नाही.

पहिलं म्हणजे काकूंचं ऐका, त्या चुकीचं बोलत नाहीयेत. तीन रात्री झोप न लागणं म्हणजे शरीरानं दिलेला निरोप आहे. आघाताची आठवण साध्या आठवणीसारखी 'तेव्हा झालं होतं' अशी येत नाही, ती आत्ता घडतेय अशी येते, अंगात येते, घाम फुटतो, छाती धडधडते. तालमीत ते बसले आणि कुणाकडे बघेनात ते बहुधा त्यातलंच. तेव्हा ते संवाद विसरले नव्हते हो, तेवढ्यापुरते ते त्या खोलीत परत गेले होते.

पण म्हणून बोलणंच बंद करा असंही नाही. आघातावरच्या काही उपचारांत तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायला लावतातच, फक्त ठरवून, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं, आणि थांबायची चावी सांगणाऱ्याच्या हातात ठेवून. ज्युडिथ हर्मन म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी १९९२मध्ये हे तीन टप्प्यांत मांडलं, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परत येणं. नाटकवाल्यांची घाई होते ती इथेच, आपण पहिला टप्पा ओलांडून थेट दुसऱ्यावर जातो, कारण 'सीन' तिथे असतो.

कैदेत माणसाकडून काय काढून घेतात? कधी उठायचं, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, दार कधी उघडायचं, सगळं दुसरा ठरवतो. म्हणून तालमीत काकांनी ठरवायला हवं. कोणता प्रसंग आज करायचा हे ते सांगतील. हात वर केला की तालीम तिथेच थांबेल, कुणी 'जरा एवढं पूर्ण करू' म्हणायचं नाही. हॉलचं दार उघडं. आणि तालीम संपली की लगेच घरी सोडू नका, चहा, इकडच्यातिकडच्या गप्पा, अर्धा तास तरी. झोपेचं तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा मार्गही आहे. प्लेबॅक थिएटर असतं, १९७५ला अमेरिकेत सुरू झालं, त्यात ज्याची गोष्ट तो बाजूला खुर्चीत बसून सांगतो आणि नट तिथल्या तिथे ती करून दाखवतात. काहींना स्वतःला बाहेरून बघणं जास्त झेपतं.

बेळगावकर

माझे वडील फौजी, कैदी नव्हते पण त्यांनीही कधी काही सांगितलं नाही आणि गेले. आम्ही विचारलं नाही कारण त्रास होईल असं वाटलं. आता वाटतं विचारायला हवं होतं. काका स्वतः फोन करून बोलावतायत हे विसरू नका, एवढंच.

जुनापुराणा

कृष्णाकाठ, तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, कांबळं गुंडाळून मावशी झालेलो. सगळे चौकशीच्या प्रसंगावर बोलतायत, मला वाटतं तुमचं नाटक त्या कांबळ्यात आहे.

शार्लोट देल्बो हे नाव शोधून बघा. फ्रेंच. युद्धाआधी पॅरिसला लुई जुवे या मोठ्या नटाची सहायक होती. नवरा-बायको दोघं नाझींविरुद्धच्या भूमिगत कामात, मार्च १९४२मध्ये पकडले गेले, नवऱ्याला मे महिन्यात गोळ्या घातल्या. २४ जानेवारी १९४३ला २३० बायकांची एक गाडी फ्रान्समधून आउशवित्झ या नाझींच्या मृत्यूछावणीकडे निघाली, त्यात ती होती. परत आल्या ४९.

तिला काही महिन्यांनी जवळच्या राइस्को नावाच्या ठिकाणी शेतीच्या प्रयोगशाळेत कामाला नेलं, तिथं हाल थोडे कमी होते. आणि तिथं या बायकांनी काय केलं तर मोलिएर या जुन्या फ्रेंच नाटककाराचं 'ल मालाद इमाजिनेर' (काल्पनिक रोगी) हे नाटक केलं. पुस्तक नाही, काही नाही, आठवून आठवून संहिता जुळवली, हाताला येईल त्याचे कपडे केले आणि प्रयोग लावला. प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची धुराडी चालूच होती. ती लिहिते की तेवढे दोन तास त्यांचा त्या नाटकावर विश्वास बसला होता. पुढे राव्हेन्सब्रुकच्या कॅम्पात तिनं आपल्या वाट्याची भाकरी देऊन मोलिएरच्याच दुसऱ्या नाटकाचं पुस्तक घेतलं आणि पाठ केलं. कॅम्पात भाकरी म्हणजे जीव, हे तुमच्या काकांना समजवावं लागणार नाही.

सुटल्यावर १९४६मध्येच तिनं लिहून काढलं, पण छापलं १९६५ला. जवळपास वीस वर्षं वही तशीच. कॅम्पावरचं तिचं नाटक स्टेजवर आलं ते १९७४मध्ये, त्यात सगळी पात्रं बायका, पुरुष एकही नाही. त्यामुळे काकांनी पन्नास वर्षं घेतली तर घेतली.

आणि 'बरं वाटतं का' या तुमच्या प्रश्नावर तिचंच ऐका. ती म्हणते सापानं कात टाकावी तशी कॅम्पातली बाहेरची कात गळाली, पण आठवणीची कातडी गळत नाही, ती आत तशीच आहे. तिच्याकडे दोन 'तहान' होत्या. चहा मागताना म्हणायची ती एक, आणि कॅम्पातली दुसरी, जी स्वप्नात आली तर खरंच घसा सुकायचा. शब्द एकच. लोकांसमोर बोलायची ती पहिल्या, म्हणजे बाहेरच्या आठवणीतून, आणि म्हणून बोलू शकायची. मला वाटतं तालमीचं काम एवढंच असावं, काकांना बाहेरच्या आठवणीतून बोलता यावं. आतल्या कोठडीत त्यांना ढकलून आपण टाळ्या घ्यायच्या नाहीत.

गवळणीपासून सुरू करा. तिथं ते कैदी होते आणि नटही होते, आणि नट होणं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. चौकशी नाटकात आलीच नाही तर न येऊ दे. मावशीच्या तोंडून किती काय बोलता येतं हे आपल्या तमाशाला कुणी शिकवायला नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आले म्हणून उशीर.

चौकशीचा प्रसंग काढून टाकलाय. काकांना सांगितलं तर म्हणाले, "काढू नगंस, बाजूला ठेव. मला वाटलं तर मी सांगीन." मग तसंच ठरलं, त्या जागी संहितेत एक कोरं पान ठेवलंय आणि प्रयोगाच्या दिवशी ते बोलायचं की नाही हे फक्त त्यांना माहीत असणार. हात वर करायची खूणही ठरली. पहिल्याच तालमीत त्यांनी ती दोनदा वापरली. दुसऱ्यांदा तर मला वाटतं नुसतंच बघायला, की आम्ही खरंच थांबतो का. थांबलो.

काकू तालमीला येऊन बसली. आधी दाराशी, पाठ करून, शेंगा निवडत. गवळण सुरू झाली आणि काका पेंद्याच्या ओळी विसरले, त्यांना आठवेना मावशी काय विचारते त्यावर तो काय म्हणतो, तर तिथं बसल्या बसल्या काकूनंच ओळ सांगितली. लग्नाआधी गावच्या जत्रेत ऐकलेली. काका तिच्याकडे बघतच राहिले. आता पेंद्या काकू करणार की मी यावर घरात वाद चाललाय.

त्या रात्री झोपले. कडी अजून कुणी लावत नाही.

एक विचारायचं राहिलं, पुण्यात करड्या रंगाचं जाड मिलिटरी कांबळं जुन्या बाजारात कुठे मिळेल? घरचं घोंगडं नेलं होतं पण काका म्हणाले हे नको, हे मऊ आहे, तिथलं टोचायचं.