मदत हवी आहे: सगळ्यांनी एकत्र बसून बघता येईल असा विनोदी पिक्चर सुचवा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी आमच्या मुलुंडच्या घरी सगळे जमणार आहेत, म्हणजे ७८ वर्षांची आजी, आईबाबा, काकाकाकू, आणि ताईची ८ वर्षांची मुलगी, आणि जेवणं झाली की सगळ्यांना एकत्र बसून एक पिक्चर बघायचाय, तर प्लीज नावं सुचवा.

मी काही जाणकार वगैरे नाही, महिन्यातून एखादा पिक्चर बघणारी, पण मला वाटतं विनोद तेव्हाच जमतो जेव्हा पात्रांची अडचण खरी असते. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' घ्या, त्यात राहायला जागा मिळेना म्हणून सगळं रामायण घडतं, आणि जागेचं दुखणं मुंबईकराला वेगळं काय सांगायचं! अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे आले की आजी आधीच हसायला लागते. पण तो आमचा तोंडपाठ झालाय हो. १९७९ चा अमोल पालेकर, उत्पल दत्तचा 'गोलमाल' पण दोनदा झाला.

नवीन काहीतरी हवंय, शक्यतो मराठीच. कमरेखालचे विनोद नकोत, मागच्या वेळी एक लावला आणि अर्ध्या तासात बंद करावा लागला, आजी उठून आतच गेली, मला फार वाईट वाटलं. कुणाच्या जाडेपणावर, रंगावर हसवणारे पण नकोत, भाची लगेच शाळेत जाऊन तेच बोलते. आणि दोन-सव्वादोन तासांत संपला पाहिजे, काकांना परत विरारला जायचंय.

तुमच्या घरी आजी आणि नातवंडं दोघंही खरंच हसलेत असाच सांगा, आणि कुठे बघायला मिळेल तेही लिहा ना.